शकुंतला गाडी आणि आमचा कॅमेरा

कारंजा लाड हे आमचे गाव. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी आम्ही अकोला जिल्ह्यात मोडत होतो. गावाला दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा अशा चार वेशी, कापसाचा जुना बाजार आणि एक लहानसे रेल्वे स्टेशन. त्या स्टेशनावर येणाऱ्या गाडीला सारा मुलूख शकुंतला म्हणे. परगावचा पाहुणा घरी बसलेला असताना कोणी "शकुंतला आली काय?" असे विचारले, की तो बिचारा दाराकडे पाहू लागे. आता ती गाडी येत नाही. पण १९९४ साली आम्ही दोघा भावांनी तिचे जे व्हिडिओ शूटिंग केले, त्याची हकिगत वाचकांना सांगावी असे बरेच दिवस मनात होते.

गाडीविषयी आधी थोडे सांगतो. मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर मोठ्या लाईनवरचे जंक्शन. तिथून एक छोटी लाईन कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाई, ती ११३ किलोमीटरची. दुसरी अचलपूरला, ती ७६ किलोमीटरची. दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडातला कापूस बाहेर काढण्यासाठी ही लाईन टाकली. कापूस इथून मुंबईला आणि मुंबईहून मँचेस्टरच्या गिरण्यांत जाई, आणि गाडी ओढणारे इंजिनही मँचेस्टरलाच १९२१ साली बनलेले. १९२३ पासून ते कामाला जुंपलेले होते. देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण या लाईनची मालकी कंपनीकडेच राहिली आणि गाडी मात्र सरकारी रेल्वे चालवी. फाटक आले की गाडी थांबे. गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावी, गाडी पुढे सरकली की फाटक उघडून धावत येऊन चढे. धावतही नसे खरे म्हणजे, चालतच येई.

आमचे मोठे मामा मुंबईला परळच्या गिरणीत होते. उन्हाळ्यात गावी आले की ते शकुंतलेला ट्राम म्हणत. मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम जाऊन ती बंद झाली. मामांनी तिची शेवटची वर्षे पाहिलेली. चालत्या ट्राममधून माणूस खाली उतरे, पुढच्या कोपऱ्यावर दुसरा चढे, आणि बसल्या जागेवरून दुकानांच्या पाट्या वाचता येत. "बस पळवते, ट्राम फिरवते," असे ते म्हणत. मुंबईच्या ट्रामचे आपणाजवळ काहीच राहिले नाही, एक फोटोसुद्धा नाही, याची त्यांना चुटपुट होती. आमच्या डोक्यात शूटिंगचा किडा बहुधा तिथूनच शिरला.

आमचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. हप्त्याने घेतलेला खांद्यावरचा पॅनासोनिक कॅमेरा, दोन बॅटऱ्या आणि एक हॅलोजन लाईट एवढेच भांडवल. लग्नात माणसे हलतात आणि आपण उभे असतो, ते काम सोपे. वरातीत आणि मिरवणुकीत माणसेही हलतात आणि आपणही. जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून शूटिंग करीत असू, आणि नंतर विहारात टीव्हीवर लावले की पहिल्या पाच मिनिटांत म्हाताऱ्या बाया "डोकं गरगरते बाप्पा" म्हणून उठून जात. तेव्हा चालत्या वाहनातून चित्र कसे घ्यावे, हा आमच्या पोटापाण्याचाही प्रश्न होता.

पण शकुंतलेवर जाण्याचे खरे कारण आमचे बाबा. ते याच लाईनवर गँगमन होते. घण, सब्बल आणि फावडे घेऊन रुळाखाली गिट्टी ठोकायची, पावसाने खचलेला भाग उचलून धरायचा, उन्हाने रूळ वाढला की सांध्यावर लक्ष ठेवायचे. सारी नोकरी त्यांनी मूर्तिजापूर आणि कारंज्याच्या मध्ये काढली. ही लाईन त्यांनी गाडीत बसून कमी आणि पायी जास्त पाहिली. रिटायर झाल्यावर दोन वर्षांत लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोलणे तुटक झाले. गाडीची शिटी ऐकू आली की खाटेवर पडल्या पडल्या मान वळवत. त्यातच वाफेचे इंजिन जाऊन डिझेल येणार अशी कुणकुण गावात सुरू झाली. माय एक दिवस म्हणाली, "लोकायच्या लग्नाचे पिच्चर काढता, त्यायले त्यायची लाईन तं दाखवा."

फेब्रुवारीतल्या एका दिवशी आम्ही एस.टी.ने मूर्तिजापूर गाठले आणि तिथून शकुंतलेत बसलो. डब्यात गर्दी बेताची होती. बाजार करून निघालेल्या बाया, दोन बकऱ्या, एक सायकल, कडब्याच्या पेंढ्या. कॅमेरा पाहून एका म्हाताऱ्याने विचारले, "कोणाचं लगन हाय?" आम्ही म्हटले, गाडीचं. तो गंभीरपणे म्हणाला, "लय उशिरा करून रायले."

पहिला प्रयोग सोपा वाटला. कॅमेरा खिडकीच्या गजावर टेकवला. आमचा हिशेब असा की हात हलला तरी गज हलणार नाही. मूर्तिजापूर सुटून गाडीने जरा वेग धरला तेव्हा थांबवून, कॅसेट मागे फिरवून, कॅमेऱ्याच्या लहानशा काळ्यापांढऱ्या भिंगात पाहिले. चित्र चाळणीतल्या गव्हासारखे उडत होते. डब्याची सारी थरथर गजातून सरळ कॅमेऱ्यात शिरत होती आणि कॅमेरा लोखंडावर तडतडत होता. वर फोकस आपोआप होणारा, त्याला कळेना की शेत दाखवावे की गज. घटकेत गज स्पष्ट, घटकेत पऱ्हाटी.

मग धाकट्याने उभे राहून पाहिले. पाय थोडे फाकून, गुडघे सैल सोडून, कोपरे पोटाशी, आणि डब्याच्या कशालाही पाठ न लावता. माणसाचे अंग हे मोठे चांगले स्प्रिंग आहे, हे तेव्हा कळले. धक्का गुडघ्यात जिरतो, कॅमेऱ्यापर्यंत येत नाही. पण पाच मिनिटांत पोटऱ्या भरून येतात. म्हणून तिसऱ्यांदा मायने दिलेली गोधडी चार घड्या करून मांडीवर घेतली आणि तिच्यावर कॅमेरा ठेवला. चित्र असे सरळ आले की आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या.

आता निराळीच अडचण आली. चित्र सरळ झाले, पण गाडी चालल्यासारखी दिसेना. शकुंतला मुळातच मंद, सायकलवाला बरोबरीने जाईल अशी. दूरवरच्या शेतावर कॅमेरा धरला तर शेत जागचे हलत नसे. तेव्हा ध्यानात आले की चाल दिसते ती जवळच्या वस्तूमुळे. दूरचे झाड गाडीबरोबर येते, मधला बांध हळू मागे जातो आणि रुळाकाठची बाभूळ सपकन निघून जाते. तिन्ही एका चित्रात आले की डोळ्याला चाल समजते. म्हणून कॅमेरा खिडकीला काटकोनात न धरता थोडा पुढे वळवून धरू लागलो. बाभळीची फांदी दुरून लहान येई, मोठी होई आणि अंगावर येऊन नाहीशी होई. डब्यातली पोरे खाली वाकू लागली.

कॅमेऱ्याला शटरचे बटन होते. आपल्याकडच्या व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रे असतात. प्रत्येक चित्र घेताना कॅमेऱ्याचा डोळा किती वेळ उघडा ठेवायचा ते या बटनाने ठरते. एक हजारांश सेकंदावर ठेवले तर बाभळीचा काटान् काटा दिसे, पण बाभूळ उड्या मारत गेल्यासारखी वाटे. नेहमीच्या पन्नासांशावर ठेवले तर ती थोडी फासटलेली येई, आणि तीच डोळ्याला धावती वाटे. आम्ही इतकी वर्षे लग्नात चित्र फासटू नये म्हणून धडपडत होतो. इथे थोडे फासटलेलेच खरे दिसत होते.

सोहोळच्या बाजूला काळविटांचे कळप असतात. तिथे २००० साली अभयारण्य झाले. त्यांच्या उड्या घ्याव्यात म्हणून आम्ही कारंज्याच्या पुढेही दोन स्टेशने गेलो. काळवीट दिसले, पण बॅटरी संपली. असो.

घरी आल्यावर भाड्याचा व्हीसीआर आणला, शेजारपाजारचे जमले, बाबांना उशी लावून बसवले. माळ्यावरून काढलेल्या नव्या गोधडीसारखे गुळगुळीत चित्र टीव्हीवर सुरू झाले. शेते मागे जात होती, फाटक आले, माणूस उतरला, चढला. लोकांनी वाहवा केली, कोणाचेही डोके गरगरले नाही. बाबा बघत राहिले. मग डावा हात हलवून म्हणाले, "हे आपली लाईन नाही."

आम्ही म्हटले, बाबा, हे फाटक पाहा, हा पूल पाहा. त्यांनी मान हलवली. "हे तं नाव हाय. नदीतली."

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ ओट्यावर बसलो होतो. थोरला आधी चिडला होता, म्हणे आजाराने त्यांना ओळख राहिली नाही. मग बोलता बोलता उलगडत गेले. बाबांची लाईन म्हणजे काय, तर रुळाचा सांधा, त्याखालची गिट्टी, आणि गाडी त्यावरून गेली की बसणारा खटका. कुठे सांधा बसला आहे, कुठे गिट्टी धुपली आहे, कुठे वळणावर डबा बाहेर झुकतो, हे त्यांना डोळ्याने कमी आणि अंगाने जास्त ठाऊक. तीस वर्षे त्यांनी त्या खटक्यांचीच मशागत केली. आणि आम्ही गोधडी घालून नेमके तेच पुसून टाकले होते.

दुसरी खेप मार्चमध्ये केली. या वेळी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून नेल्या आणि कॅमेरा बाकाच्या लाकडाला करकचून आवळला, मधे फट राहणार नाही असा. पहिल्या वेळी गजावर तो तडतडला होता, कारण तो नुसता टेकलेला होता. आवळल्यावर कॅमेरा आणि डबा एक झाले. भिंगात पाहिले तर चमत्कारिक दृश्य. डबा, बाक, खिडकीची चौकट, सारे स्तब्ध, आणि बाहेरचा मुलूख मान डोलावतो आहे. सांधा आला की क्षितिज खाली बसून वर येई. वळण आले की सारे शिवार एका अंगाला कलंडे. आवाजासाठी कॅमेऱ्याचा माईक होताच. खट-खट, खट-खट, मधे एखादा मोठा.

एक गोष्ट आपोआप झाली. कॅमेरा बाकाला बांधलेला, म्हणून समोरच्या खिडकीबरोबर समोरची बाईही चित्रात आली. मांडीवर झोपलेले पोर, आणि डोक्यावरच्या खुंटीला अडकवलेली कापडी पिशवी. आम्ही तिला विचारले, चालेल का. ती म्हणाली, "माहा फोटो निंगते तं निंगू द्या, पोराचा चांगला काढा." गाडीचा प्रत्येक हेलकावा त्या पिशवीत दिसत होता. चाल दाखवायची तर चित्रात एखादी लोंबती वस्तू ठेवावी, हे आम्ही पुढे धंद्यातही वापरले. वरातीच्या जीपमध्ये आरशाला लावलेला गजरा घ्यायचा, बस.

हौसेने एक प्रयोग दारात बसूनही केला. कॅमेरा खाली गिट्टीकडे धरला तर मंद गाडीसुद्धा मेलसारखी पळते, दगडांच्या रेघा होतात. गार्डाने पाहिले आणि आम्हाला चांगलेच झापले. बरोबरच होते. वाचकांपैकी कोणी तरुण मंडळी आता मोबाईल घेऊन दारात लोंबकळत असतील तर त्यांनी हे वाचावे आणि आत यावे.

कॅसेट पुन्हा लावली. या वेळी गर्दी कमी होती. पहिली वाईट निघाली असे गावभर झाले असावे. चित्र डोलू लागले तसे दोघेचौघे उठलेही. बाबा उठून बसल्यासारखे ताठ झाले. थोड्या वेळाने त्यांचा डावा हात खाटेच्या माच्यावर पडू लागला. खट-खट. टीव्हीतल्या आवाजाबरोबर नव्हे, किंचित आधी. पुढचा सांधा येण्यापूर्वी बोट पडे आणि मग सांधा येई. एका जागी डबा जोराने आपटला. बाबांचा हात थांबला. "बसेल हाय," ते म्हणाले. "इथचा जॉइंट बसेल हाय. दोन टोपली गिट्टी मांगते." मग आमच्याकडे वळून, जणू उद्याच कामावर जायचे आहे असे, "मुकादमले सांगजा." पुढे बराच वेळ ते काहीबाही सांगत राहिले, कोणत्या पावसाळ्यात कुठे भराव वाहून गेला, कोणाचा पाय घणाखाली आला, दुपारची भाकर कोणत्या बाभळीखाली खात. लकवा मारल्यापासून एका दमात इतके ते बोलले नव्हते. मायने पदराने डोळे पुसले आणि टीव्हीतल्या बाईचे पोर किती महिन्यांचे असेल याची चर्चा सुरू केली.

सांधा बसल्याचे आम्ही दुसऱ्या दिवशी खरोखरच गँगवरच्या एका जुन्या माणसाला सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, "कुठीसा?" आम्ही जागा सांगितली. त्याने मान डोलावली.

वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ ला काढले आणि डिझेलचे आले. आदली रात्र म्हणजे १४ एप्रिल. आम्ही रात्रभर जयंतीच्या मिरवणुकीत होतो, तीन कॅसेटी भरल्या, दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या. सकाळी घरी येऊन पडलो ते दुपारीच उठलो. त्यामुळे वाफेच्या इंजिनाचा तो दिवस आमच्याकडे नाही. त्या मिरवणुकीत मात्र ट्रॉलीवरचे चित्र पहिल्यांदाच चांगले आले. गुडघे सैल सोडून घेतले आणि कडेला ट्रॉलीचा डोलणारा निळा झेंडा ठेवला. बाया शेवटपर्यंत बसल्या.

बाबा १९९७ च्या पावसाळ्यात गेले. गाडी पुढे डिझेलवर बरीच वर्षे चालली, मग तीही थांबली.

मध्यंतरी भाच्याने मोबाईलवर एक जुनी फिल्म दाखवली. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात १९०६ साली केबलवर चालणाऱ्या ट्रामच्या अगदी पुढच्या टोकाला कॅमेरा लावून बाजाराच्या रस्त्यावरून नेला आहे. बारा-तेरा मिनिटे नुसता रस्ता पुढे येत राहतो. घोडागाड्या, मोटारी, रूळ ओलांडणारी पोरे. काही दिवसांनी १८ एप्रिलला भूकंप आणि आगीने तो रस्ता उद्ध्वस्त झाला. त्याआधी, ७ जुलै १८९६ ला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आपल्या देशात पहिल्यांदा हलती चित्रे दाखवली, त्यातही एक चित्र स्टेशनात येणाऱ्या गाडीचेच होते. म्हणजे कॅमेरा जन्मला तेव्हापासून तो गाडीच्याच मागे लागला आहे. भाचा म्हणाला, मामा, हे पाहा, इथेही चित्र डोलते. आम्ही तेच पाहत होतो.

त्याच्या आग्रहाने वाशीमहून अकोल्याच्या गाडीतही शूटिंग करून पाहिले. ही अकोला-पूर्णा लाईन पूर्वी मीटरगेज होती, २००८ साली ब्रॉडगेज झाली. गाडी जोरात जाते. मोबाईलमध्ये काठाकाठाचे विजेचे खांब तिरपे आले, कारण मोबाईल चित्र एकदम न घेता वरून खाली ओळीओळीने घेतो, आणि तेवढ्यात खांब सरकलेला असतो. ते एक जाऊ द्या. पण धक्का म्हणून कुठे नाही. आताचे रूळ वेल्डिंगने लांबच्या लांब सलग केलेले असतात, आणि हाताचा जो काही हेलकावा असतो तो मोबाईल स्वतःच पुसून काढतो. गोधडी आता मोबाईलच्या आतच बसवलेली आहे.

गेल्या वर्षी त्या दोन कॅसेटी माळ्यावरून काढल्या. फितीवर बुरशी आली होती. एका ओळखीच्या मुलाने साफ करून पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या. दुसऱ्या कॅसेटचा शेवटचा काही भाग गेला, पण बाईचे पोर आणि पिशवी शाबूत आहे. काम करताना त्या मुलाने फोन केला होता. म्हणाला, काका, दुसरी फारच हलते, कॉम्प्युटरवर एका मिनिटात स्थिर करून देतो, वेगळे पैसे घेणार नाही. आम्ही म्हटले, पहिली पाहिजे तशी कर, दुसरीला हात लावू नको. त्याने कारण विचारले नाही, आणि फोनवर ते सांगण्यासारखेही नव्हते.